सर, आज नाही

वाशी, नवी मुंबई
८ सप्टेंबर १९८३

चि. सुनीती हिस दिनूदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, माझी शिट्टी वाजत नाही.

हसून घे. तुझं हसू कराडहून इथे पोचेपर्यंत मी थांबतो. झालं? आता गांभीर्याने ऐक, कारण ही तक्रार शिक्षण खात्याकडे नेण्याच्या योग्यतेची आहे.

आमच्या शाळेचे पी.टी.चे शिक्षक गंगाराम भोईर जुलैत नोकरी सोडून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाले. पगार दुप्पट, आणि उन्हात उभं राहायचं ते तेवढंच. त्यांची जागा भरायची कोणी? इकडे नववी-दहावीत पूर्ण संस्कृत घेणारी मुलं इतकी उरली आहेत की ती एका रिक्षात मावतील. म्हणजे तासिका रिकाम्या कोणाच्या, तर दिनानाथ मोघ्यांच्या. आमचे मुख्याध्यापक नंदकुमार सामंत मला म्हणाले, "मोघे, तुमचा आवाज खणखणीत आहे. पी.टी.ला आणखी लागतं काय?" आणि त्यांनी ड्रॉवरमधून भोईरांची शिट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. एखाद्याला ताम्रपट द्यावा तशी.

त्या शिट्टीला भोईरांच्या तंबाखूचा वास येत होता. तुझ्या वहिनीने ती दुधाच्या पातेल्यात घालून उकळली. (पातेलंही आता मलाच दिलं आहे, दाढीच्या पाण्यासाठी.) उकळल्यामुळे आतली बुचाची गोळी फुगली. आता मी गाल फुगवून फुंकतो तेव्हा ती वाजत नाही, सुस्कारा टाकते. चाळीस-पन्नास मुली माझ्याकडे करुणेने बघतात.

तरीही सांगतो, माझी रांग बघायला ये. मुलांचा तास ड्रॉइंगचे सर घेतात. नववीच्या मुली माझ्याकडे. माझी रांग म्हणजे एक दीर्घ समास आहे. एक पद जागचं हललं की मी सगळ्याचा विग्रह करतो आणि पुन्हा जुळवतो. सावधान, विश्राम, उजवीकडे बघ, हात वर, हात खाली. सामंत गॅलरीतून बघून मान डोलावतात.

एकच अडचण आहे, आणि ती तुला स्त्री म्हणून नव्हे, पी.टी.ची शिक्षिका म्हणून विचारतो. भोईरांच्या वेळेपासून एक रीत आहे. मुलीने पुढे येऊन नुसतं "सर, आज नाही" म्हणायचं. मग तिने निंबाखालच्या बाकावर बसायचं आणि सरांनी आकाशाकडे बघायचं. कारण विचारायचं नाही. मी तरी कसं विचारणार? पण ही "आज नाही"वाली मंडळी दर तासाला वाढते आहे. कालपरवा बाक पुरला नाही. आणि माझं आकाशाकडे बघणं इतकं वाढलंय की खाडीवरचे पक्षी मला नावानिशी ओळखू येऊ लागलेत.

आपली नंदिनी त्याच वर्गात. ती बाकावर असते हे तुला सांगायला नको. तिच्याकडे मी घड्याळ आणि हजेरी दिली आहे. फार नेटकं काम करते.

शिट्टीवर उपाय कळव.

तुझा,
दिनूदादा


कराड
१७ सप्टेंबर १९८३

ती. दिनूदादास सा. नमस्कार.

उपाय पाकिटात घातलाय. स्टीलची आहे, माझ्या कपाटातली नवीकोरी. वहिनीला म्हणावं, उकळू नकोस.

तुझं पत्र मी शिक्षकखोलीत मोठ्याने वाचलं. आमच्या हेडबाईंना ठसका लागला. पण दादा, हसून झाल्यावर मला राग आला. तो तुझ्यावर नाही, तुझ्या रांगेवर.

तुझ्या रांगेला घाम येतो का? एवढंच सांग. पुढच्या तासाला एक काम कर. कुठलीही एक मुलगी निवड, आणि पूर्ण तास फक्त तिच्याकडे बघ. बाकीच्यांना सूचना देत राहा, पण डोळे तिच्यावर. ती खरंच किती हलते ते बघ. तिचा श्वास कधी फुलतो का ते बघ. आम्हाला आमच्या कॉलेजात हे करायला लावलं होतं. त्या दिवसापासून मी रांग नावाची गोष्ट सोडली. मुली घरी उभ्या, नळावर उभ्या, बसच्या रांगेत उभ्या, आणि आठवड्यातून जे दोन तास हलायचे, त्यातही उभ्याच!

रांग मोडून टाक. लंगडी घेशील तर अख्ख्या वर्गाची एक घेऊ नकोस, त्यात एक जण पळते आणि बाकीच्या गप्पा मारतात. सहा-सात जणींचे गट कर, प्रत्येक गटाची आपली लंगडी. विषामृत घे. जुन्या साड्यांच्या चिंध्यांचे चेंडू करायला लाव, एकीला एक. तास संपताना सगळ्यांना मैदानाला फेरी. फेरी झाली की जोडीने एकमेकींचं मनगट धरून नाडी बघायची. आपलं काळीज धडधडतंय हे मुलीला तिच्या स्वतःच्या बोटांनी कळलं पाहिजे.

"आज नाही"चं सोपं आहे. रीत मोडू नकोस, चांगली आहे ती. विचारू नकोस, आकाशाकडेही बघ. फक्त "आज नाही" म्हणणारीने बसायचं नाही, मैदानाच्या कडेने चालायचं. ज्यांना खरंच बरं नाही त्या चालतीलच, चालल्याने बरं वाटतं. बाकीच्या विचार करतील की चालण्यापेक्षा खेळलेलं काय वाईट.

आणि एक. नंदिनी बाकावर असते हे "सांगायला नको" असं तू लिहिलंस. मला सांगायला हवं. मे महिन्यात मुंबईच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून काय सांगितलं ते वहिनीने मला तेव्हाच कळवलंय. तर मग तुझी लेक बाकावर का?

तुझी,
सुनीती


वाशी
१ ऑक्टोबर १९८३

चि. सुनीती हिस आशीर्वाद.

नवी शिट्टी मिळाली. तिचा आवाज कोपरखैरण्यापर्यंत जातो अशी सामंतांची तक्रार आहे. मी त्यांना म्हटलं, "सर, जाऊ दे, तिकडेही शाळा आहे."

तू सांगितल्याप्रमाणे मी एक मुलगी निवडली. स्मिता कारखानीस, बँकेतल्या साहेबांची कन्या, अभ्यासात वरचा नंबर. पूर्ण तास मी तिच्याकडे पाहिलं. तिने हात वर केले, खाली केले. वेणी पुढची मागे घेतली. शेजारणीला चिमटा काढला. त्या तासातली तिची सर्वांत मोठी हालचाल म्हणजे जांभई. आणि हा तास कसला, तर शारीरिक शिक्षणाचा! सुनीती, मी आयुष्यभर मुलांना क्रियापदं शिकवली, आणि माझ्या मैदानावर क्रिया एकही नव्हती.

तर रांग मोडली. पहिल्या दिवशी जो गोंधळ झाला त्याचं वर्णन करणार नाही. धूळ, किंकाळ्या, चिंध्यांचे चेंडू. एक चेंडू मुख्याध्यापकांच्या चहात. मैदानाला एक फेरी दिली तर अर्ध्या जणी पाण्याच्या टाकीपाशीच बसल्या. ही टाकी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि तिच्यामागे मुली घटकाभर दिसेनाशा होतात. तिथे त्या चालतात असा मला संशय होता. जाऊन पाहिलं तर चालत नव्हत्या, झोपल्या होत्या. कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या, धडधाकट, वेळेवर जेवणाऱ्या मुली! सानपाडा गावातून बांधावरून चालत येणारी पुतळा पाटील तेवढी अनवाणी फेरी मारून आली आणि मला विचारते, "सर, आनकी एक मारू?"

पण आता तीन-चार तासांतच फरक दिसतो. स्मिता टाकी ओलांडते. मनगट धरायची तुझी युक्ती फार गाजली. मुली वर्गातही एकमेकींची नाडी बघतात, गणिताच्या तासाला जास्तच भरते म्हणे.

"आज नाही"वाल्यांना चालायला लावलं आणि चमत्कार झाला. बाक रिकामा. आता तिथे फक्त नंदिनी असते, घड्याळ धरून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तू तेव्हा धुळ्याला होतीस, तू तिला पाहिलं नाहीस. सात वर्षांची होती. सांधे धरले, ताप उतरेना, आणि मग डॉक्टर म्हणाले, संधिवाताचा ताप आहे, हृदयाच्या झडपेपर्यंत गेलाय. वर्षभर अंथरूण. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, ते आजतागायत. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले हे खरं, की ठोके आता स्वच्छ आहेत, इंजेक्शन चालू ठेवा आणि पोरीला खेळू द्या. डॉक्टरांचं काय जातं? ते आठवड्याला शंभर जणांना "खेळू द्या" म्हणत असतील. घाई काय आहे? रोज सकाळी चहाच्या वेळी मी तिचं मनगट बघतो, सगळं ठीक आहे. ठीक आहे ते ठीक राहू दे.

तिला घड्याळाचं काम आवडतं.

तुझा,
दिनूदादा


कराड
९ ऑक्टोबर १९८३

ती. दिनूदादा,

घड्याळाचं काम तिला आवडतं, हे तिने सांगितलं की तू?

तू कारखानीसांच्या स्मिताकडे पूर्ण तास बघितलंस. आता एक तास नंदिनीकडे बघ. मी सांगते ती काय करत असेल. पाय बाकाखाली हलत असतील.

वहिनीस नमस्कार. फराळाला चकल्या पाठवते.

सुनीती


वाशी
२७ नोव्हेंबर १९८३

चि. सुनीती हिस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दिवाळी, सहामाहीचे पेपर, चकल्या. (चकल्या उत्तम. तुझ्या वहिनीने मला दोनच दिल्या.) आणि मध्यंतरी इथे युद्ध झालं, त्यात मी जिंकलो. ते सविस्तर लिहितो.

दुसरं सत्र सुरू होताच सामंतांनी मला बोलावलं. म्हणाले, "मोघे, नववीचा पी.टी.चा तास बीजगणिताला द्यायचा ठरतोय. पुढच्या वर्षी बोर्ड. पालकांची मागणी आहे."

मी म्हटलं, "देणार नाही."

"अहो, तुम्ही संस्कृतवाले! तुम्हाला काय पडलंय पी.टी.चं?"

"नव्हतं पडलं. तुम्हीच पाडलंत."

"मी वेळापत्रक बदलू शकतो."

"बदला. पण नोटीस लावा त्यावर, की या शाळेत मुलींनी धावायचं नाही, आणि खाली तुमची सही करा. मी ती नोटीस रोज प्रार्थनेनंतर वाचून दाखवीन. खणखणीत आवाजात."

त्यांनी चष्मा पुसला. पालकसभा बोलवायचं ठरलं.

सभेला हॉल भरला. कारखानीससाहेब सफारी घालून पहिल्या रांगेत. उठून म्हणाले, "धावण्याला बोर्डात मार्क किती? आमची मुलगी घरी येऊन दमून झोपते. शिवाय उन्हाने काळी पडायला लागली. उद्या लग्नाला अडचण." मागून मालतीबाई सबनीस म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून सगळं दिसतं हो. मोठाल्या मुली, फ्रॉक काय उडतात! बरं नाही दिसत."

मी उठलो. म्हटलं, "मालतीबाई, गॅलरीचं दार लावून घ्या. कारखानीससाहेब, तुमची मुलगी ऑगस्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मधल्या पायऱ्यांवर बसायची. आज ती मैदानाची फेरी न थांबता मारते. दमून झोपते म्हणता? तिच्या वयाच्या मुलीने दमूनच झोपावं, कंटाळून झोपू नये. आणि बीजगणिताला माझा विरोध नाही. बीजगणिताचे सर त्यांचे दोन तास सोडून मुलींना धावायला नेणार असतील, तर मी माझा तास त्यांना आनंदाने देतो. नसतील, तर माझ्या तासाला हात लावायचा नाही. आणि ज्यांना वाटतं मुलींनी धावू नये, त्यांनी एखाद्या शनिवारी मैदानावर यावं आणि आपल्या मुलीबरोबर एक फेरी मारावी. जे टाकीपर्यंत पोचतील त्यांचं मी ऐकून घेईन."

हॉलमध्ये हशा. कारखानीससाहेबांनी पोट आत घेतल्याचं मी स्वतः पाहिलं.

तास वाचला. सामंतांनी चेहरा राखण्यापुरती एक किरकोळ अट घातली: १७ डिसेंबरच्या शनिवारी शाळा समितीसमोर नववीच्या मुलींनी धावून दाखवायचं. सगळा वर्ग. सगळा म्हणजे अर्थात ज्या धावू शकतात त्या. तयारी जोरात आहे.

तुझ्या गेल्या पत्राला वेगळं उत्तर लिहीत नाही. सध्या वेळ नाही.

तुझा विजयी,
दिनूदादा


वाशी
४ डिसेंबर १९८३

ती. सुनीतीआत्यास सा. नमस्कार.

बाबांनी तुला सभेचं लिहिलं असेलच. कारखानीसकाकांचं पोट वगैरे. ते घरी चार वेळा सांगून झालंय, दर वेळी पोट थोडं मोठं होतं. पण सखूकाकूंचं लिहिलं का? नसणार.

सखूकाकू म्हणजे पुतळाची आई. सानपाड्याला त्यांची चाळ आहे, सगळे भाडेकरू त्यांना टरकून असतात. बाबांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि त्या शेवटच्या रांगेतून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, बोललास ता बेस बोललास. पन येक इचारू? सगल्यांच्या पोरी तुमी पलवता. तुमची पोरगी का बसून हाय? ती काय काचेची हाय?"

आत्या, सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मी आईशेजारी बसले होते. मला वाटलं जमीन फाटावी. बाबा म्हणाले, "तिची प्रकृती नाजूक आहे. डॉक्टरांनी मनाई केली आहे." माझ्याकडे न बघता म्हणाले. डॉक्टरांनी मनाई केलेली नाही! मी तिथे होते ना मे महिन्यात. डॉक्टर माझ्याच डोळ्यांत बघून म्हणाले होते, खेळ बेटा.

मग सामंतसर हसून म्हणाले, "ठीक आहे मोघे, तास ठेवा. पण सतरा डिसेंबरच्या शनिवारी सगळा वर्ग धावला पाहिजे. तुमच्या मुलीसकट. एक जरी बाकावर दिसली, तर तास बीजगणिताला." ही ती अट. बाबांनी आता ट्रंकेतून माझं जुनं सर्टिफिकेट काढून ठेवलंय, मी सात वर्षांची असतानाचं. ते सामंतसरांना दाखवणार म्हणजे मी मोजणीत धरायची नाही.

आत्या, मला बाबांचा राग येत नाही, म्हणजे येतो, पण ते रोज सकाळी माझा हात धरतात तेव्हा त्यांचे ओठ हलत असतात ना, ते बघितलं की काही बोलवत नाही. पण मी किती वर्षं बाकावर बसू? चौथीत बसले, सातवीत बसले. लंगडीत मला कधी कोणी पकडलं नाही, कारण मी कधी खेळलेच नाही. वर्गात मला "पंच" म्हणतात.

आता तुला एक सांगते. काळजी करू नकोस. दिवाळीपासून मी सकाळी पुतळाबरोबर सानपाड्याच्या बांधावर धावते. आईला माहीत आहे. बाबांना वाटतं मी पुतळाला व्याकरण शिकवायला जाते. आधी मिठागराच्या कोपऱ्यापर्यंत धाप लागायची, पुतळा म्हणायची, "थांब गो, चाल जरा, मंग पल." आता गावाच्या देवळापर्यंत जाते. काही होत नाही. भूक लागते फक्त.

मी १७ तारखेला धावणार आहे. तुझी परवानगी मागत नाही, कळवते आहे. तू बाबांना हे सांगू नकोस, पण काहीतरी सांग.

तुझी,
नंदिनी


[पोस्टकार्ड]

कराड
९ डिसेंबर १९८३

ती. दिनूदादा,

मुद्दाम कार्ड लिहिते आहे, पोस्टमनने वाचलं तरी चालेल. तुझ्या विजयाचा संपूर्ण वृत्तांत मला कळला, तू गाळलेल्या भागासकट. सखूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

जुनं सर्टिफिकेट ट्रंकेत परत ठेव. शनिवारी शिट्टी वाजवायची, एवढंच तुझं काम. कोण धावतंय ते बघू नकोस. आकाशाकडे बघायची तुला सवय आहेच.

सुनीती


वाशी
२० डिसेंबर १९८३

चि. सुनीती हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड पोस्टमनने खरंच वाचलं. त्याने दारातच मला विचारलं, "सर, शनिवारी काय आहे?" तोही आला होता मैदानावर, सायकल घेऊन.

आता सगळं सांगतो, काही न गाळता.

शनिवारी सकाळी मी सर्टिफिकेट खिशात घालून निघालो. समितीच्या खुर्च्या निंबाखाली मांडल्या होत्या. कारखानीससाहेब कॅनव्हासचे नवे बूट घालून आले होते; ते धावणार होते की नाही कोण जाणे. मालतीबाईंनी गॅलरीचं दार लावून घेतलं होतं आणि स्वतः खाली उतरून आल्या होत्या. सखूबाई कुंपणाशी उभ्या.

मुली रेषेवर आल्या. मी सामंतांकडे जायला निघालो, खिशात हात घातला, आणि पाहतो तर नंदिनी बाकावर नाही. बाकावर तिची आई. जयमालाच्या हातात घड्याळ. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "असे काय बघता? मला काटे कळतात."

नंदिनी रेषेवर होती. वेणी वर बांधलेली, पाय अनवाणी, शेजारी पुतळा. मी तिच्यापाशी गेलो. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "नंदू, बाकावर जा."

ती समोर बघत म्हणाली, "सर, आज नाही."

सुनीती, तू सांगितलंच होतंस, ही रीत चांगली आहे, कारण विचारायचं नसतं. मी आकाशाकडे पाहिलं. काय दिसलं ते विचारू नकोस. सामंत खुर्चीतून म्हणाले, "काय मोघे, वाजवताय ना?" मी मागे वळलो आणि म्हणालो, "वाजवतो. सगळा वर्ग आहे. मोजून घ्या."

आणि वाजवली.

दोन फेऱ्या होत्या. पुतळा पहिल्या वळणालाच सगळ्यांच्या पुढे. नंदिनी मध्ये कुठेतरी, मग मागच्या घोळक्यात. पहिली फेरी पूर्ण करून माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचा चेहरा लाल होता आणि तोंड उघडं. मी शिट्टी दातांत धरली. एक फुंकर मारली असती तर सगळ्या थांबल्या असत्या. तास गेला असता, पण थांबल्या असत्या. कुंपणाकडून सखूबाई ओरडत होत्या, "पल गो बाय, पल! मागं नको बगू!" दुसऱ्या फेरीत नंदिनी टाकीपाशी चालायला लागली, आणि टाकीमागे गेली. स्मिता बाहेर आली. सबनीसांची वैशाली बाहेर आली. नंदिनी नाही. मग ती आली, धावत. शेवटून तिसरी की चौथी. रेषा ओलांडून गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि हसायला लागली. तसं हसताना मी तिला आजवर पाहिलं नव्हतं.

मी जाऊन तिचं मनगट धरायला हात पुढे केला. तिने माझाच हात धरला. बोटं माझ्या नाडीवर ठेवून डोळे मिटले, आणि म्हणाली, "बाबा, तुमची माझ्याहून जास्त पळतेय. तुम्ही बसा जरा."

मग जयमाला उठली आणि मी बाकावर बसलो. नववीच्या मुलींच्या पी.टी.च्या तासाला बाकावर बसलेला एकटा मी. सखूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, काचेचं तुमीच निंगालात!" सामंतांनी तास कायम केल्याचं सगळ्यांदेखत सांगितलं. वर मला म्हणाले, आता आठवीचा तासही तुम्हीच घ्या. घेणार आहे. बीजगणितवाल्यांनी पुन्हा मागितला तर पुन्हा भांडणार आहे, समितीशी, पालकांशी, सामंतांशी. त्याची काळजी करू नकोस. भांडण मला जमतं असं दिसतंय.

घरी आल्यावर नंदिनीने सानपाड्याच्या बांधाचं सांगितलं. तुला आधीच माहीत होतं म्हणे. तुम्हा तिघींचं मी पुढे कधीतरी बघून घेईन. सर्टिफिकेट ट्रंकेत ठेवलं, फाडलं नाही. तेवढी सवलत दे.

काल सोमवारी पुन्हा तास होता. ती धावली. उद्याही आहे. मी तिला नको म्हणणार नाही, तुला शब्द देतो. डॉक्टर खरं बोलले हेही मला पटलंय. पण ती टाकीमागे जाते ना, आणि घटकाभर दिसत नाही, तेव्हा ती सात वर्षांची असते. तापाने तिचे गुडघे सुजलेले असतात, मी तिला दवाखान्याचा जिना उचलून चढत असतो, आणि ती हाताला लागत नाही इतकी हलकी असते. मग ती बाहेर येते, चौदा वर्षांची, घामाघूम. माझ्याकडे बघतही नाही.

मला भीती वाटते, सुनीती. शनिवारी वाटली, काल वाटली, उद्याही वाटेल. ती टाकीमागून बाहेर येईपर्यंत मला फार भीती वाटते.

तुझा,
दिनूदादा